झाडांच्या डीएनए मिथायलेशनमधील फरक कशामुळे : जनुकांमुळे, वयामुळे की परिसरामुळे?

पानगळ (प्रश्न)

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी एका रुंदपर्णी वृक्षजातीच्या पानांमधील डीएनए मिथायलेशनचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांवर बसणाऱ्या मिथाईल गटांच्या रासायनिक खुणांचा, अभ्यास करत आहे. नमुने दोन ठिकाणांहून घेतले आहेत. पहिले ठिकाण कोरड्या, खडकाळ चढावर असून तिथली झाडे जुनी आणि जाड बुंध्याची आहेत. दुसरे ठिकाण खाली ओलसर मातीत असून तिथे बहुतेक झाडे तरुण आहेत. बायसल्फाइट प्रक्रियेनंतर (जिच्यामुळे खूण असलेली आणि नसलेली अक्षरे वेगळी ओळखता येतात) केलेल्या अनुक्रमणातून मिळालेल्या आकड्यांवर मुख्य घटक विश्लेषण (अनेक आकड्यांतील फरक मोजक्या अक्षांवर दाखवणारी पद्धत) केले, तेव्हा दोन्ही ठिकाणांचे ठिपके आलेखावर एकमेकांपासून स्पष्टपणे दूर पडले.

या फरकाचा अर्थ कसा लावायचा यावर आमचे एकमत होत नाही. माझ्या मार्गदर्शकांच्या मते हा पाण्याच्या ताणाचा परिणाम आहे. एका सहकाऱ्याच्या मते तो वयाचा परिणाम आहे, कारण माणसात मिथायलेशनवरून वय सांगता येते, मग झाडात का सांगता येऊ नये? मला स्वतःला तिसरीच शंका येते. दोन्ही ठिकाणची झाडे मुळात वेगवेगळ्या बीजवंशांची असतील, तर हा सगळा फरक जनुकीय असण्याचीही शक्यता उरते.

माझे प्रश्न असे आहेत. या तीन घटकांचे वाटे वेगळे करता येतात का? झाडांसाठी ‘मिथायलेशन घड्याळ’ अस्तित्वात आहे का? आणि बराचसा फरक जनुकांनीच ठरत असेल, तर मिथायलेशन मोजून जनुकक्रमापेक्षा वेगळी अशी कोणती माहिती हाती लागते?

गुणसूत्री

तिघांमध्ये वाटणी करण्याआधी मिथायलेशनचीच वाटणी करणे आवश्यक आहे, आणि तुमच्या विश्लेषणात ती केलेली दिसत नाही. वनस्पतींमध्ये मिथाईल गट सायटोसिनवर (डीएनएचे सी हे अक्षर) तीन प्रकारच्या शेजारात बसतो : सीजी, सीएचजी आणि सीएचएच. इथे एच म्हणजे जी वगळून उरलेल्या तीन अक्षरांपैकी कोणतेही एक. सीजी हा क्रम डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर सारखाच वाचला जातो, त्यामुळे प्रत निघाल्यावर जुन्या धाग्यावरील खूण पाहून मेट-१ हे विकर नव्या धाग्यावर तशीच खूण उमटवते. सीएचजीच्या बाबतीत सीएमटी-३ हे विकर ज्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनावरील विशिष्ट खुणेचा आधार घेते. सीएचएचला मात्र दुसऱ्या धाग्यावर जोडीदारच नसतो, त्यामुळे पेशी विभागली की ही खूण जवळजवळ नव्याने घालावी लागते. काही जागी २४ न्यूक्लिओटाइड लांबीचे लहान आरएनए त्यासाठी जागा दाखवतात, तर काही जागी सीएमटी-२ हे विकर हे काम करते. ज्या खुणेची नक्कल आपोआप होते ती दीर्घकाळ टिकणार आणि जी पुन्हापुन्हा घालावी लागते ती परिस्थितीनुसार बदलणार, हे ओघानेच आले. तिन्ही प्रकार एकत्र मिसळून काढलेल्या आलेखात तुम्हाला नेमके काय दिसते आहे, हे म्हणूनच सांगता येत नाही.

आता जनुकांविषयी. त्यांचा वाटा सर्रास कमी लेखला जातो. जनुकीय फरक मिथायलेशनवर दोन मार्गांनी परिणाम करतो. पहिला मार्ग जवळचा आहे. एखाद्या झाडात विशिष्ट जनुकाशेजारी ट्रान्सपोझॉन (जीनोममध्ये जागा बदलू शकणारा डीएनएचा तुकडा) येऊन बसलेला असतो, पेशी त्याला गप्प ठेवण्यासाठी मिथायलेशन करते आणि ते थोडे शेजारच्या भागावरही पसरते. ज्या झाडांत हा ट्रान्सपोझॉन नाही, त्यांत ही खूणही नसते. दुसरा मार्ग दूरचा आहे. मिथायलेशन करणाऱ्या विकराच्या जनुकातच फरक असेल, तर जीनोमभर विखुरलेल्या हजारो जागांवरील पातळी एकाच वेळी वर किंवा खाली सरकते.

या दुसऱ्या मार्गाचे उत्तम उदाहरण झाडाचे नसून ॲराबिडॉप्सिस या लहान रोपाचे आहे, तरी तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. स्वीडनच्या वेगवेगळ्या भागांतून गोळा केलेले वंश प्रयोगशाळेत १० आणि १६ अंश सेल्सिअसला वाढवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रान्सपोझॉनांवरील सीएचएच मिथायलेशन उबदार तापमानात वाढलेले आढळले, म्हणजे परिसराचा परिणाम खरोखरच होता. पण त्याची पातळी सीएमटी-२ जनुकाच्या कोणत्या रूपाचा वंश आहे यावरही अवलंबून होती. याहून लक्षणीय गोष्ट अशी की जनुकांच्या अंतर्भागातील सीजी मिथायलेशनचा संबंध रोपाच्या मूळ ठिकाणाच्या अक्षांशाशी जुळला, आणि तोही सगळी रोपे सारख्याच परिस्थितीत वाढवलेली असताना. मूळ जागी जाऊन नमुने घेतले असते, तर हाच कल कोणीही निःशंकपणे हवामानाचा परिणाम म्हणून नोंदवला असता. तुमच्या चढावरच्या आणि खालच्या झाडांबाबत हीच भीती आहे.

तिसऱ्या प्रश्नाबाबत एरिक रिचर्ड्स यांनी २००६ मध्ये सुचवलेली विभागणी उपयोगी पडेल. काही अधिजनुकीय फरक (म्हणजे मिथायलेशनसारख्या खुणांमधले फरक) जनुकक्रमाला पूर्णपणे बांधलेले असतात. काहींना जनुकक्रम केवळ वाव देतो, पण खूण पडेल की नाही हे निश्चित नसते. उरलेले थोडे क्रमापासून स्वतंत्र असतात. नवी माहिती मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात असते. तिसऱ्या गटाच्या जवळ जाणारे एक उदाहरण ‘हनीक्रिस्प’ या सफरचंदाच्या सालीवर डोळ्यांनी पाहता येते. या वाणाच्या काही फळांवर लाल आणि हिरवट पट्टे शेजारीशेजारी असतात. लाल रंगद्रव्य घडवून आणणाऱ्या एमवायबी-१० या जनुकाचा क्रम दोन्ही पट्ट्यांत सारखाच असतो, परंतु २०११ च्या अभ्यासात हिरव्या पट्ट्यांमध्ये त्याच्या प्रवर्तक भागावर (जिथून जनुक चालू होते तो भाग) अधिक मिथायलेशन आढळले. झाड एक, फळ एक, वय एक, ऊनपाऊस तोच, आणि तरीही फरक आहे. वंश, वय आणि परिसर या तुमच्या यादीत वाढीच्या ओघातील निव्वळ योगायोगाला जागा नाही. ती ठेवावी, अशी माझी सूचना आहे.

वाढवलय

वयाच्या प्रश्नावर लिहितो, कारण माणसावरून केलेली तुलना इथे फसवी आहे.

स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये मांडलेले मानवी घड्याळ ३५३ सीजी जागांवर आधारलेले आहे. त्या जागा वयानुसार ठरावीक दिशेने बदलतात, काही वाढतात तर काही घटतात, आणि हे बहुतेक ऊतकांत सारखेच घडते. झाडात ‘वय’ हा शब्द उच्चारताच तो कशाचे वय सांगतो हे ठरवावे लागते. बुंध्याच्या वलयांवरून कळणारी वर्षे हे एक वय झाले. रोपावस्थेतून फुलोऱ्याच्या अवस्थेकडे जाणारी परिपक्वता हे दुसरे, जिच्यात एमआयआर-१५६ या लहान आरएनएची पातळी उतरत जाते. या दोन्हींची दिशा नेहमीच एक नसते. जुन्या झाडाच्या बुंध्यापासून फुटलेला धुमारा रोपासारखा वागतो आणि त्याची छाट कलमे सहज मुळे धरतात, तर त्याच झाडाच्या शेंड्याकडील फांदीला मुळे फुटता फुटत नाहीत. तिसरे वय क्लोनचे, म्हणजे एकाच झाडापासून कलमांनी वाढवत नेलेल्या झाडांचे. बदामात कळ्या न फुटण्याचा एक असंसर्गजन्य विकार आहे, ज्याचा संबंध बागेतील झाडाच्या वयापेक्षा तो वाण किती काळ कलमांद्वारे वाढवला जात आहे याच्याशी आढळतो. त्यामागे मिथायलेशन असावे या संशयावरून बरेच काम चालू आहे.

परिपक्वतेबरोबर एकूण मिथायलेशन वाढते, असे रेडिएटा पाइनच्या विभाजी ऊतकात (सतत विभागणाऱ्या पेशींच्या थरात) २००२ मध्ये नोंदवले गेले. हा निष्कर्ष वारंवार उद्धृत होतो. पण तिथे जीनोममधील एकंदर टक्केवारी मोजली होती. कोणत्या जागी काय बदलले हे अशा मापातून कळत नाही, त्यामुळे त्यावरून घड्याळ बांधता येत नाही.

निव्वळ वर्षांच्या हिशेबाने पाहायचे तर मला सर्वांत पटलेले काम पॉप्युलस ट्रायकोकार्पा या पॉप्लरवरचे आहे, जे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. (जीनोम वाचले गेलेले हे पहिलेच झाड, ते वाचन २००६ मध्ये झाले.) अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील सुमारे ३३० वर्षांच्या एका रानटी झाडाच्या निरनिराळ्या फांद्यांची पाने घेऊन, फांद्या कोणत्या वर्षी एकमेकींपासून वेगळ्या झाल्या याचा हिशेब वलयांवरून मांडण्यात आला. ज्या फांद्या जितक्या आधी दुरावल्या होत्या, तितके त्यांच्यातील सीजी आणि सीएचजी मिथायलेशनचे अंतर अधिक होते. सीएचएचमध्ये असा स्वच्छ कल आढळला नाही. सीजी खुणा आपोआप मिळवण्याचा किंवा गमावण्याचा वेग त्याच झाडातील जनुकीय उत्परिवर्तनांच्या वेगापेक्षा दहा हजार पटींच्या आसपास अधिक निघाला. उत्परिवर्तने किती विरळ असतात याची कल्पना यावी म्हणून सांगतो : स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाच्या आवारातल्या २३४ वर्षे वयाच्या ‘नेपोलियन ओक’च्या दूरदूरच्या फांद्यांची तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा संपूर्ण जीनोममधून हाती लागलेले एकाक्षरी बदल होते अवघे १७.

या पॉप्लरच्या कामात वयाचा ठसा ‘वाढले’ किंवा ‘घटले’ असा नाही. दोन फांद्या एकमेकींपासून यदृच्छया दूर जात राहतात, काही जागी खूण हरवते, काही जागी नवी पडते, आणि सरासरी जवळपास जागच्या जागी राहते. असे घड्याळ दोन फांद्यांमधला काळ सांगू शकते, पण एकच पान हातात देऊन झाडाचे वय विचारले तर ते मूक राहील. या तत्त्वावर आधारलेले घड्याळ २०२३ मध्ये ॲराबिडॉप्सिस आणि झोस्टेरा या क्लोनद्वारे पसरणाऱ्या सागरी गवतासाठी मांडण्यात आले आहे. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्यांना आधी एक गोष्ट विचारा : जुन्या झाडांचे ठिपके एका बाजूला सरकले आहेत, की ते एकमेकांपासून अधिक पांगले आहेत? फक्त यदृच्छ बदलांचे साठणे असते, तर पांगणे अपेक्षित होते. दोन गट सुबकपणे बाजूला होणे हे त्या स्पष्टीकरणाशी नीट जुळत नाही.

आणखी एक बाब जोडतो, कारण ‘जुने झाड म्हणजे थकलेले झाड’ हे गृहीतक नकळत डोकावते. चीनमधील ६६७ वर्षांपर्यंतच्या गिंको झाडांच्या कॅम्बियमचा (बुंध्यात नवे लाकूड घडवणाऱ्या पेशीथराचा) अभ्यास २०२० मध्ये झाला. वलयांची जाडी वयाबरोबर कमी होत गेली, पण त्या ऊतकात वार्धक्याची म्हणावी अशी खूण सापडली नाही.

पानगळ

दोघांचेही आभार. तिन्ही शेजार वेगळे करून पाहिले. दोन ठिकाणांमधील दुरावा सीजीमध्ये सर्वांत ठळक आहे, तर सीएचएचमध्ये ठिपके बरेच मिसळलेले आहेत. जुनी झाडे अधिक पांगलेली आहेत असे म्हणता येणार नाही. यावरून परिसराचा वाटा नाही असाच निष्कर्ष काढावा का? खारफुटीच्या झाडांमध्ये परिसरानुसार मिथायलेशन बदलते, असे मी वाचले होते.

रानमोड

नाही, इतक्या घाईने परिसराला बाद करू नये. आपण म्हणता तो अभ्यास २०१० चा, ब्राझीलमधील लॅग्युन्क्युलेरिया रेसिमोसा या खारफुटीचा असावा. खाऱ्या दलदलीतील खुरटी झाडे आणि नदीकाठची उंच झाडे यांच्यात जनुकीय फरक थोडा आणि मिथायलेशनचा फरक मोठा, असे त्यात आढळले. निरीक्षण महत्त्वाचे आहे, परंतु पद्धत सीसीजीजी हा क्रम कापणाऱ्या विकरांच्या जोडीवर आधारलेली होती. या पद्धतीत जीनोममधल्या थोड्याच आणि पत्ता नसलेल्या जागा दिसतात, त्यामुळे त्या जागांजवळचा जनुकीय फरक नजरेतून सुटण्याची शक्यता राहते.

परिसराचा परिणाम पाहायचा तर जनुकक्रम स्थिर धरला पाहिजे, आणि इथे झाडांची कलमे फार कामाला येतात. कॅनडातील संकरित पॉप्लरचे एकाच क्लोनचे तुकडे वेगवेगळ्या प्रदेशांतील रोपवाटिकांतून आणून सारख्या परिस्थितीत वाढवले आणि मग पाणी तोडले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दुष्काळाला मिळणारा जनुक-अभिव्यक्तीचा प्रतिसाद कलम कुठून आले यानुसार वेगळा निघाला, आणि ज्या क्लोनमध्ये हा फरक सर्वाधिक होता त्यातच मिथायलेशनचा फरकही सर्वाधिक होता. म्हणजे मागच्या जागेची काहीतरी नोंद कलमाबरोबर प्रवास करत होती. युरोपभर पसरलेला लोम्बार्डी पॉप्लर याच कारणासाठी संशोधकांना आवडतो. हा काळ्या पॉप्लरचा एक नर क्लोन असून अठराव्या शतकापासून तो छाट कलमांनी देशोदेशी लावला गेला. एक सावधगिरी मात्र हवी : इतक्या काळात क्लोनमध्येही कायिक (शरीरपेशींतील) उत्परिवर्तने साठतात, त्यामुळे ‘जनुकीय फरक शून्य’ असे म्हणून चालत नाही.

परिसराची स्मृती किती खोल असू शकते, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला नॉर्वेतील स्प्रूसचा आहे. उत्तरेकडील मातृवृक्षांची कलमे दक्षिणेच्या उबदार बीजोद्यानात नेल्यावर त्यांच्या बियांपासून आलेली रोपे दक्षिणी वंशासारखी उशिरा कळी धरू लागली. पुढे नियंत्रित प्रयोगांत दिसले की बियातील भ्रूण तयार होत असतानाचे तापमान हे ठरवते. उबेत घडलेला भ्रूण पुढे उशिरा कळी धरणारे आणि दंवाला हळवे रोप देतो, आणि हा परिणाम वर्षानुवर्षे टिकतो. पण ही स्मृती मिथायलेशनमध्येच साठवलेली आहे, हे दाखवणारा पुरावा अजून स्मृतीच्या पुराव्याइतका भक्कम नाही. लहान आरएनए आणि मिथायलेशनशी संबंधित जनुकांच्या अभिव्यक्तीत फरक सापडले आहेत. ते सूचक आहेत, निर्णायक नाहीत.

निर्णायक साखळी पाहायची असेल तर तेलताडाकडे वळावे. ऊतिसंवर्धनाने तयार केलेल्या तेलताडाच्या काही झाडांना विकृत फळे येतात : फुलातील पुंकेसरांच्या जागी जादा अंडपासारखे मांसल अवयव वाढतात, फळाभोवती बोटांसारखे आवरण तयार होते आणि तेलाचे उत्पन्न बुडते. मलेशियातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की फुलाची रचना ठरवणाऱ्या एका जनुकाच्या अंतर्भागात बसलेल्या ‘कर्मा’ नावाच्या ट्रान्सपोझॉनवरील मिथायलेशन ऊतिसंवर्धनात गळून पडते, त्यामुळे जनुकाच्या आरएनएची जोडणी चुकते आणि फूल बिघडते. जिथे मिथायलेशन शाबूत राहते, तिथे फळ सरळ येते. रोप लहान असतानाच पानाचा तुकडा तपासून असे रोप वेगळे काढता येते. कारण, खूण आणि परिणाम हे तिन्ही दुवे एकाच ठिकाणी जोडले गेल्याची अशी उदाहरणे झाडांत अगदी थोडी आहेत.

तुमच्या सीएचएचमध्ये ठिपके मिसळलेले आहेत, त्यामागे ऋतूचा हातही असू शकतो. पॉप्लरमध्ये थंडीत सक्रिय होणारे, मिथायलेशन काढून टाकणारे डीमीटरसदृश विकर वसंतात कळी फुटण्यास मदत करते, असे २०१७ मध्ये दाखवले गेले. म्हणजे वर्षाच्या चक्रातही या खुणा हलत असतात. दोन्ही ठिकाणची पाने एकाच आठवड्यात, सारख्या उंचीवरून आणि सारख्याच वाढीच्या टप्प्यावर तोडली होती का, हे लिहावे. उन्हातले पान आणि सावलीतले पान यांच्यातल्या पेशींचे प्रमाणही वेगळे असते, आणि आपण मोजतो ती सगळ्या पेशींची सरासरी असते.

सांख्यिक

मूळ प्रश्नाचे उत्तर स्पष्ट द्यायचे तर, आहे त्या नमुन्यांवरून वाटे वेगळे करता येणार नाहीत. जुनी झाडे वर आणि तरुण झाडे खाली असतील, तर वय आणि ठिकाण हे दोन स्तंभ सांख्यिकी प्रतिमानात एकमेकांची जागा घेतात. कोणतेही प्रतिमान त्यांना वाटे देईलच, पण ते आकडे तुमच्या गृहीतकाचे असतील.

तरी दोन गोष्टी लगेच करण्याजोग्या आहेत. बायसल्फाइट प्रक्रियेत मिथायलेशन नसलेला सायटोसिन वाचताना टी असा उमटतो. एखाद्या झाडाच्या जीनोममध्ये त्या जागी मुळातच टी असेल, तर तेही ‘मिथायलेशन नाही’ म्हणूनच मोजले जाते, आणि मग निव्वळ जनुकीय फरक मिथायलेशनचा वेष घेऊन आलेखावर येतो. हे ओळखण्यासाठी समोरचा धागा पाहावा. खरा टी असेल तर तिथे ए सापडतो, बदललेला सायटोसिन असेल तर जी. सीजी जागांवर सी चे टी होण्याची उत्परिवर्तने मुळातच जास्त घडतात, त्यामुळे तुमचा सीजीमधला ठळक दुरावा सर्वांत आधी याच चाळणीतून काढावा. त्यानंतर उरलेल्या वाचनांतूनच जनुकीय फरक शोधून झाडांमधील नात्याची सारणी तयार करा आणि ती प्रतिमानात घाला. ती घातल्यावर दोन गटांचा दुरावा विरला, तर तुमची स्वतःची तिसरी शंका बरीचशी खरी ठरते.

पुढच्या हंगामात नवे नमुने घेता आले तर प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र मांडणी द्या. वयासाठी दोन-तीन जुनी झाडे निवडून प्रत्येकाच्या अनेक फांद्यांची पाने घ्या आणि फांद्यांमधले अंतर मीटरांऐवजी वर्षांत मोजा. तिथे वंश तोच राहतो आणि परिसर जवळजवळ तोच. परिसरासाठी दोन्ही ठिकाणच्या झाडांची छाट कलमे एका जागी वाढवा, आणि जमल्यास तीच कलमे उलट्या ठिकाणीही लावा. वंशासाठी ज्ञात मातृवृक्षांची बीजरोपे हवीत. हे सगळे एका प्रकल्पात बसणार नाही. माझ्या मते पहिली मांडणी निवडावी, कारण तिला रोपे वाढण्याची वाट पाहावी लागत नाही.

पानगळ

पाने एकाच आठवड्यात तोडली होती, पण उंची सारखी नव्हती. जुन्या झाडांच्या खालच्या फांद्या हाताला लागत नसल्यामुळे त्यांची पाने वरून काढली. समोरच्या धाग्याची तपासणी आजच सुरू करते. बायसल्फाइटची प्रक्रिया सर्व नमुन्यांत सारखी पूर्ण झाली का, हे वेगळे तपासावे लागेल का?

सांख्यिक

होय, आणि त्यासाठी बाहेरून काही घालण्याची गरज नाही. पानाच्या नमुन्यात हरितलवकाचा डीएनए भरपूर येतो आणि त्यावर मिथायलेशन जवळपास नसते. त्या वाचनांमध्ये न बदललेले सायटोसिन जितके टक्के दिसतील, तितकी त्या नमुन्यातील प्रक्रियेची त्रुटी समजावी. हा आकडा झाडागणिक काढून दोन्ही ठिकाणांमध्ये ताडून पाहा. सीएचएचची पातळी मुळात कमी असते, त्यामुळे ही त्रुटी दोन गटांत थोडी जरी वेगळी असली तरी सीएचएचचे सगळे निष्कर्ष डळमळतात.